सोपवायला हातात काही लागते

गेल्या वारीत एका मुक्कामी रात्रीचे भजन आटोपले, मंडळी पालात येऊन बसली आणि गप्पांच्या ओघात एक वेगळीच गोष्ट निघाली. आमच्या दिंडीतील एका टाळकरीबुवांचा मुलगा नोकरीनिमित्त युरोपात असतो. सुटी काढून तो वडिलांबरोबर चालावयास आला होता. वडिलांचे पाय चेपता चेपता तो म्हणाला, "तिकडंही याच दिवसांत लोक चालतात. तीन दिवस, शंभर किलोमीटर. मी एकदा चाललोय." मंडळींना बरे वाटले. कुणी विचारले, "कोणत्या देवाला रे?" पोरगा जरा थांबला. म्हणाला, "देवाला नाही. कबरस्तानात. तीस वर्षांपूर्वी मारलेल्या माणसांची हाडं तिथं अजून सापडतात. ज्यांची ओळख पटली, त्यांना त्या वर्षी पुरतात. त्यासाठी चालतात."

पाल शांत झाले. मग आमच्यातील एक वृद्ध वारकरी, मनाने अत्यंत निर्मळ माणूस, सहज बोलून गेले, "अरे बाबा, देह तो काय? मातीच. मातीत मिळाला. आता उकरून काय मिळायचं? देवावर सोपवावं नि मोकळं व्हावं." सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही डोलावली. पोरगा काही बोलला नाही. वडिलांच्या अंगावर घोंगडी टाकून झोपला.

त्या मान डोलावण्याने आम्हांस पुढे फार दिवस चैन पडू दिले नाही. देह नाशिवंत आहे असे जन्मभर ऐकत आणि सांगत आलेल्या माणसाने, मेलेल्यांची हाडे शोधणाऱ्यांस काय म्हणावे? त्यांस अज्ञानी म्हणावे, की त्यांच्यापाशी बसून आपणच काही शिकावे? वाचकांपैकी पुष्कळांच्या मनात ही शंका असेल, म्हणून येथे मांडीत आहोत.

प्रथम हकिकत सांगितली पाहिजे, कारण आपल्याकडे ती फारशी कुणास ठाऊक नाही. युरोपात पूर्वी युगोस्लाव्हिया नावाचे राष्ट्र होते. १९९१ पासून ते फुटत गेले. त्यातला बोस्निया हा डोंगराळ प्रदेश १९९२ साली वेगळा झाला आणि लगेच तेथे युद्ध पेटले. तेथे मुख्यतः तीन समाज राहतात: बोस्नियाक हे मुसलमान, सर्ब आणि क्रोएट हे ख्रिस्ती, पण निरनिराळ्या पंथांचे. बोली म्हणाल तर एकाची दुसऱ्यास कळते, शेताचे बांध एकमेकांस लागून. साडेतीन वर्षे युद्ध चालले. सुमारे ४४ लाख वस्तीच्या त्या देशात २२ लाखांच्या आसपास माणसे घरदार सोडून परागंदा झाली. आपल्या पालखीसोहळ्यातली गर्दी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी तिच्या कितीतरी पट माणसे डोळ्यांपुढे आणावीत. फरक एवढाच की त्यांना पुढच्या मुक्कामाचे गाव ठाऊक नव्हते, आणि मागे परतण्याचे घर उरले नव्हते.

या देशाच्या पूर्वेस स्रेब्रेनित्सा नावाचे गाव आहे. तिथे पूर्वी चांदीच्या खाणी होत्या, त्यावरून हे नाव पडले. युद्धात आजूबाजूच्या खेड्यांतून हाकललेले हजारो बोस्नियाक या गावात येऊन दाटले. १९९३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने गाव सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर केले आणि रक्षणाला शिपाई पाठवले. लोकांनी विश्वास ठेवला. ११ जुलै १९९५ रोजी जनरल रात्को म्लादिच याच्या बोस्नियन सर्ब फौजेने गाव घेतले. बायका, मुले, म्हातारेकोतारे जवळच्या पोटोचारी येथील राष्ट्रसंघाच्या तळाकडे धावले. तो तळ एका जुन्या बॅटरीच्या कारखान्यात होता. तेथे डच शिपायांच्या डोळ्यांदेखत पुरुष बाजूला काढले गेले, पोरसवदा मुलेसुद्धा. बायकांना बसगाड्यांत घालून दूर नेऊन सोडले. दहा-पंधरा हजारांचा जमाव, बहुतेक पुरुष, जंगलातून तुझ्ला शहराच्या दिशेने पायी निघाला होता. त्यांतलेही पुष्कळ वाटेत मारले गेले, पुष्कळ पकडले गेले. काही दिवसांत आठ हजारांहून अधिक पुरुष आणि मुलगे मारण्यात आले. हा वंशसंहार होता असा निवाडा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने २००१ साली दिला. अपिलात २००४ साली तो कायम झाला आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तेच म्हटले. म्लादिचला जन्मठेप झाली. ती २०२१ साली कायम झाली.

तो पोरगा ज्या वाटेने चालला ती हीच वाट, पण उलटी. माणसे जिथे पोहोचण्यासाठी जीव घेऊन पळत होती त्या नेझुक गावाकडून दरवर्षी ८ जुलैला चालणारे निघतात आणि १० जुलैला पोटोचारीस येतात. २००५ पासून हा क्रम चालू आहे. दुसऱ्या दिवशी, ११ जुलैला, हिरव्या वस्त्रातल्या पेट्या खांद्यावरून हातोहात पुढे जातात आणि मातीआड होतात. पोरगा म्हणाला होता, "माउली, पेट्या फार हलक्या असतात." ते वाक्य तेव्हा आमच्या कानावरून गेले. अर्थ पुढे कळला.

आता त्या वृद्ध वारकऱ्यांच्या म्हणण्याकडे वळू. देह माती आहे, उकरू नये. बरे. पण वाचकहो, त्या माणसांना प्रथम उकरले कोणी? आयांनी नव्हे. १९९५ च्या ऑगस्टमध्ये आकाशातून काढलेली छायाचित्रे राष्ट्रसंघापुढे आली, त्यांत ताजी उकरलेली जमीन दिसत होती. लगेच सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मारणाऱ्यांनीच यंत्रे लावून ते खड्डे पुन्हा खणले, प्रेते मालमोटारींत भरून दूरदूरच्या रानांत नव्या खड्ड्यांत टाकली. लोखंडी फाळाच्या त्या यंत्रांनी शरीरे तुटली. एका माणसाची मांडी एका खड्ड्यात, कवटी कित्येक मैलांवर दुसऱ्या खड्ड्यात, अशी गत झाली. म्हणून पेट्या हलक्या. देह म्हणजे माती, त्याला किंमत नाही, असे त्या लोकांस खरोखर वाटत असते तर इतका खटाटोप त्यांनी कशाला केला असता? हाडे बोलतात हे त्यांना पक्के ठाऊक होते.

आणि ती बोलली. हेगच्या न्यायाधिकरणाचे तपासनीस आणि शास्त्रज्ञ १९९६ पासून तेथे खणू लागले. कोझलुक गावापाशी एका बाटल्या भरण्याच्या कारखान्याची फुटकी हिरवी काच जिथे टाकीत, तिथेच माणसांना उभे करून मारले होते. तीच हिरवी काच पुढे दूरच्या खड्ड्यांतील प्रेतांबरोबर निघाली. काच आपण होऊन डोंगर ओलांडीत नाही. माती जुळली, मातीतले फुलांचे परागकण जुळले, काडतुसांच्या नळ्या जुळल्या, डोळ्यांना बांधलेल्या चिंध्या जुळल्या. मारणाऱ्यांपैकी एका शिपायाने, द्राझेन एर्देमोविच त्याचे नाव, १९९६ साली न्यायालयात स्वतः होऊन कबुली दिली. तरीही असे काही झालेच नाही म्हणणारे होते, अजून आहेत. एकट्या माणसाच्या शब्दाला खोटे पाडता येते; काच, परागकण आणि मणका यांची साक्ष एकत्र आली म्हणजे खोटे पाडणे जड जाते.

हे झाले न्यायापुरते. पण आईचे काय? तिला काचेशी काय कर्तव्य? इथे आम्हांस आमच्या आळीतील एका काकूंची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या आता नाहीत, आणि त्यांचे नाव आम्ही सांगत नाही.

काकूंचा एकुलता मुलगा एकोणिसाव्या वर्षी गिरणीत लागतो म्हणून मुंबईस गेला. दोन पत्रे आली, तिसरे आले नाही. गिरणीत विचारले तर त्या नावाचा कोणी नाही. काकू दरवर्षी दिवाळीच्या आधी आमच्याकडे येत. कागद त्यांचा, लेखणी आमची. मजकूर ठरलेला: नाव, वय, उंची, अंगकाठी, उजव्या भुवईवर विळा लागल्याचा वण. वय तेवढे दरवर्षी एकाने वाढवायचे. खाली कार्बनचा कागद घालून एक नक्कल त्यांना द्यायची. रात्री त्या दाराला आतून कडी घालीत नसत. सर्वपित्री अमावास्या आली की दीर पान वाढताना विचारीत, वहिनी, त्याचं नाव घ्यायचं का? काकू गप्प. नाव घेतले तर आपणच त्याला मारल्यासारखे. न घेतले आणि तो खरोखर गेला असला तर पोर उपाशी. दरवर्षी हाच पेच. बारा वर्षे झाल्यावर भटजींनी शास्त्र काढले. आपल्या धर्मशास्त्रात बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट पाहावी, मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यावा, असा पालाशविधी सांगितलेला आहे. काकूंनी नको म्हटले.

वाचकांनी इथे थोडे थांबावे. देह नाशिवंत आहे हे शास्त्रकारांस आपल्यापेक्षा कमी ठाऊक होते काय? तरी त्यांनी पळसाचा का होईना, देह करावयास लावला. मेलेला माणूस आणि हरवलेला माणूस यांत भेद आहे, मागे राहिलेल्याच्या मनाला टेकायला काहीतरी लागते, हे त्यांनी ओळखले होते.

आमचा अपराध पुढे आहे. नवव्या की दहाव्या दिवाळीला काकू कागद घेऊन आल्या. त्या दिवशी आम्हांस पुढल्या गावी कीर्तनास जावयाचे होते, घाई होती, आणि खरे सांगायचे तर कंटाळाही आला होता. आम्ही म्हणालो, "काकू, आता पुरे. किती दिवस हे? देवावर सोपवा." काकू कागदाची घडी करीत म्हणाल्या, "सोपवते की. पण सोपवायला आधी हातात काही लागतं ना? माझ्या हातात आहे काय?" आणि गेल्या. त्या रात्री आम्ही वैराग्यावर कीर्तन केले. लोक म्हणाले, रंगले.

पोटोचारीच्या आयांची ओंजळ अशीच रिकामी होती. सुरुवातीस त्यांना एक पुस्तक दाखवीत. त्यात प्रेतांवर सापडलेल्या कपड्यांची, वस्तूंची छायाचित्रे: चप्पल, किल्ली, तंबाखूची डबी, सदरा. आई पाने उलटी आणि आपण स्वतः लावलेले ठिगळ ओळखू येते का ते पाही. या रीतीने फार थोड्यांची ओळख पटली, चुकाही होत. मग १९९६ साली स्थापन झालेल्या बेपत्ता व्यक्तींसाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने दुसरा मार्ग धरला. नातेवाइकांच्या बोटातून रक्ताचे थेंब घ्यावयाचे, हाडाचा तुकडा घ्यावयाचा, आणि दोहोंतील डी.एन.ए. म्हणजे बीजातली खूण ताडून पाहावयाची. १६ नोव्हेंबर २००१ रोजी पहिली खूण जुळली. तो स्रेब्रेनित्साचा पंधरा वर्षांचा मुलगा होता. एकट्या स्रेब्रेनित्साच्या शोधासाठी वीस हजारांहून अधिक आप्तांनी रक्त दिले. आजवर तेथील सुमारे सात हजार जणांना त्यांची नावे परत मिळाली आहेत.

हे काम यंत्राने होते असे कोणी समजू नये. खूण जुळल्यावर कुटुंबाला ती सांगण्यास माणूस जातो, आणि त्याला एक अवघड प्रश्न विचारावा लागतो. तुमच्या मुलाचे एवढे एवढे सापडले आहे. बाकीचे केव्हा सापडेल, सापडेल की नाही, सांगता येत नाही. आता पुरायचे, की थांबायचे? पुरल्यावर आणखी एक हाड मिळाले तर कबर उघडायची का? कुणी आई म्हणते, मिळाले तेवढे द्या, माझे दिवस थोडे आहेत. कुणी म्हणते, डोक्याशिवाय पोराला मातीत कसे ठेवू? दोघींचेही बरोबर. इथे शास्त्रज्ञाला मत नाही, मौलवीला नाही, आम्हांस तर मुळीच नाही. ज्याचे दुःख त्याचा निर्णय. पालात बसून आम्ही जी मान डोलावली, ती हा निर्णय परस्पर घेऊन टाकण्यासाठी डोलावली होती. "देह माती आहे" हे वाक्य खरे असेल, पण ते ज्याने त्याने आपल्या देहाविषयी बोलावे. दुसऱ्याच्या पोराच्या देहाविषयी बोलू लागलो की त्यातले वैराग्य निघून जाते आणि नुसती बेपर्वाई उरते.

आता दुसरी शंका. कोणी म्हणेल, ठीक आहे, हाडे द्या, पुरा. पण साक्षी, खटले, नोंदी कशाला? त्याने वैर जागे राहते. क्षमा करावी, शांती धरावी. क्षमेचा महिमा आम्हांस अमान्य कसा असेल? पण आम्ही विचारतो, क्षमा कोणी करावयाची आणि कशाची? शेजाऱ्याच्या घरात चोरी झाली आणि आम्ही चोराला म्हणालो, जा बाबा, तुला माफ केले. तर शेजारी आम्हांस काय म्हणेल? आणि चोर म्हणतो मी चोरी केलीच नाही, तर माफी देणार कशाची? २०१० साली सर्बियाच्या संसदेने स्रेब्रेनित्सातील अपराधाचा निषेध केला, बळींच्या आप्तांची क्षमा मागितली. पण वंशसंहार हा शब्द त्या ठरावात नव्हता. पुढे बोस्नियात हा संहार नाकारण्याविरुद्ध २०२१ साली कायदाच लादावा लागला. तीन दशके ज्या आईला कुणी ना कुणी सांगतो की तुझा मुलगा मारलाच गेला नाही, ती क्षमेच्या पहिल्या पायरीवर तरी कशी येणार? उलट आम्हांस तर आश्चर्य याचे वाटते की या तीस वर्षांत त्या आयांनी हाती शस्त्र घेतले नाही. त्यांनी रक्ताचे थेंब दिले, फलक धरले, न्यायालयात बोलल्या. हातिजा मेहमेदोविच या त्यांच्यातल्या एक पुढारी. नवरा आणि दोन्ही मुलगे मारले गेले. तरी त्या स्रेब्रेनित्सास परतल्या आणि आपल्याच घरात एकट्या राहिल्या, जिथे शेजारपाजारी कोण काय करून बसले असेल याची खात्री नाही. २०१० साली तिघांना त्यांनी मातीआड केले, आणि २०१८ च्या जुलैत त्या गेल्या. त्यांनी क्षमा केली की नाही हे विचारण्याचा अधिकार आम्हांस आहे असे वाटत नाही.

एवढे मात्र कबूल केले पाहिजे की शोध घेणाऱ्यांचेही दोष असतात, आणि ते लहान नाहीत. फोचा नावाच्या गावातील स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचा खटला हेगला चालला. त्या स्त्रियांनी न्यायालयात येऊन सांगितले. त्यांची नावे झाकून नावाऐवजी आकडे दिले. २२ फेब्रुवारी २००१ रोजी निकाल लागला, आणि अशा अत्याचारास मानवतेविरुद्धचा अपराध ठरवून त्या न्यायाधिकरणाने मोठाच पायंडा पाडला. चांगले झाले. पण एकदा न्यायालयात सांगितले, मग वकिलाने उलट विचारले, मग वर्तमानपत्रवाले आले, मग विद्यापीठातले आले, मग चित्रपटवाले. प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचे. वही भरली की पाहुणा जातो. त्या वहीचे पुढे काय झाले ते बाईला कळत नाही. तिच्या पदरी पुन्हा जागवलेली रात्र. आम्ही कीर्तनकारही या दोषातून सुटलेलो नाही. कुणाचे तरी दुःख दृष्टांताला घ्यावे, श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणावे आणि नारळ घेऊन पुढच्या गावी जावे, हे आम्ही किती वेळा केले असेल. आता काकूंची गोष्ट सांगताना तेच तर करीत नाही ना, असे लिहितानाही मनात आले.

या बाबतीत अलीकडे काही शहाणपण आले आहे. इराकमधील यझिदी समाजाच्या नादिया मुराद, ज्यांस २०१८ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, त्यांच्या नावाने २०२२ साली एक आचारसंहिता निघाली. तिच्यात जे आहे ते आपल्या आजीलाही कळेल असे आहे. आधीच कुणी विचारले असेल तर उगाच पुन्हा विचारू नका. का विचारता, कुणाला सांगणार, हे आधी सांगा. नाही म्हणण्याची मोकळीक द्या. अर्ध्यावर थांबते म्हणाली तर थांबा. ऐकणाऱ्याने आपल्या कामापेक्षा सांगणाऱ्याला मोठे मानावे, एवढेच ते आहे. पण एवढेच लिहून काढावयास जगाला इतकी वर्षे लागली.

एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली ती आकड्यांची. युद्ध संपल्यावर बोस्नियात दोन लाख, अडीच लाख मेले असे सर्वत्र बोलले जाई. सारायेव्होतील मिरसाद टोकाचा आणि त्यांचे सहकारी यांनी ठरवले की अंदाज नको. एकेक नाव लिहायचे. कोणत्या समाजाचा, शिपाई की साधा माणूस, कुठे, केव्हा. बोस्नियाक, सर्ब, क्रोएट, सगळे एकाच पुस्तकात. वर्षानुवर्षे खेड्यापाड्यांतून माहिती गोळा केली आणि २०१३ च्या सुमारास जे ग्रंथ लोकांपुढे आले त्यांत सुमारे ९६ हजार नावे होती. आकडा निम्म्याहून खाली आला! तेव्हा काही लोक त्यांच्यावर रागावले. आमचे दुःख कमी करता काय, असे म्हणाले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे. पण आपल्याकडे नाशिक-त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्या असतात. त्यांत आजोबा-पणजोबांचे नाव निघाले की डोळे भरून येतात. त्या वहीत उपाध्यायाने यजमानाचे समाधान व्हावे म्हणून चार खोटे पूर्वज वाढवून घातले, तर खऱ्या पणजोबांचे काय होईल? त्यांच्याविषयीही संशयच येईल. नाकारणारे लोक अशाच एखाद्या फुगवलेल्या आकड्याची वाट पाहत असतात. त्या ९६ हजारांत सुमारे दोन तृतीयांश बोस्नियाक निघाले. सत्य कुणाच्या बाजूने झुकले नाही, आणि झुकले नाही म्हणूनच कुणावर काय ओढवले ते स्पष्ट झाले.

घरादारांच्या बाबतीतही असेच. १९९५ च्या शांततेच्या करारात निर्वासितांस आपले घर परत मिळण्याचा हक्क लिहिला होता. दोन लाखांहून अधिक दावे आले आणि बहुतेक निकालात निघाले. पण घर मागायला गेलेल्या माणसाला दार उघडणारे कुटुंब पुष्कळदा दुसऱ्या गावाहून हाकललेलेच असे. एकाला न्याय दिला की दुसऱ्याचे चूलभांडे रस्त्यावर. यावर आम्हांस सोपे उत्तर ठाऊक नाही. नोंद होती म्हणून निदान ज्याचे त्याचे गाव शोधता आले, इतकेच म्हणता येईल.

वारीहून परत आल्यावर आम्ही त्या पोराला पत्र घालून विचारले, पुढे काय? त्याने उत्तर धाडले. स्रेब्रेनित्साचे सुमारे एक हजार आणि साऱ्या बोस्नियाचे सात हजारांहून अधिक लोक अजून सापडलेले नाहीत. सापडण्याचे प्रमाण वर्षागणिक घटत चालले आहे. एखाद्या ११ जुलैला दहाही पेट्या नसतात. खड्डे कुठे आहेत हे जाणणारी माणसे म्हातारी झाली, काही बोलत नाहीत. आणि आया जात आहेत. पण रक्त दिलेली आई गेली तरी तिच्या रक्तातली खूण जपून ठेवलेली असते. उद्या तिचा मुलगा सापडला तर ती खूण त्याला ओळखील. पुरायला कोण येईल, ते त्या वेळी पाहायचे.

काकूंच्या वेळी असले काही नव्हते. आम्ही नाही म्हटल्याच्या पुढल्या दिवाळीला आपण होऊन त्यांच्याकडे गेलो, ओसरीवर बसलो आणि म्हणालो, कागद आणा. त्यांनी काही न बोलता आणला. पुढे त्या गेल्या तोवर क्रम चुकला नाही. तेराव्यानंतर पुतण्यांनी त्यांची ट्रंक उघडली तेव्हा त्या नकला निघाल्या, सुताने बांधून, वर्षवार लावलेल्या. पुतण्याने गठ्ठा आमच्या हाती दिला. आम्ही तारखा पाहत गेलो. एका वर्षाचे पत्र त्यात नव्हते.